दोन डॉक्टरांचं पथ्य

"वहिनी, शुगर मात्र शेवटपर्यंत नॉर्मल होती बरं का." आमचे म्हातारे डॉक्टर मला हे म्हणाले, तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन चार-सहा दिवस झाले होते. माणूस गेला, पण शुगर नॉर्मल. मी त्यांना पाणी विचारलं.

आता मी रागावून बोलते असं पोरगी म्हणते. बोलते. ज्याच्या घरचं माणूस उपाशी मेलं त्यानं गोड बोलावं तरी कशाला? आणि उपाशी म्हणजे घरात नव्हतं म्हणून नाही. फडताळात घरच्या तुपाचा डबा भरलेला असताना उपाशी. कुठे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं.

आम्ही पांढरकवड्याचे. हे एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढायची मशीन नीट चालवणं, तिच्या सुऱ्या बसवणं, पट्टे ताणणं हे त्यांचं काम. उंच, रुंद माणूस, हात असे की नट-बोल्ट पान्याशिवाय सैल करायचे. आणि खाणारा! मिरचीच्या ठेच्यावर कच्च्या तेलाची धार पडल्याशिवाय भाकरीला हात लावायचे नाहीत. मटणाच्या रश्शावर तर्री दिसली नाही तर म्हणायचे, "काहून वं, आज कोनी आजारी हाय का घरात?"

घरी म्हैस होती. जिनिंगच्या पलीकडे तेलाची मिल, तिथून सरकीची ढेप यायची. ढेप म्हणजे तेल काढून उरलेला चोथा. ती खाऊन म्हैस असं दूध द्यायची की साय हातानं उचलावी. मी लोणी काढायची, कढवायची, आणि गल्लीतल्या घरांना तूप द्यायची. डॉक्टरांच्या घरीसुद्धा महिन्याचा डबा माझ्याकडूनच जायचा.

या डॉक्टरांचे आमच्यावर उपकार होते. पोरगी तान्ही असताना पावसाळ्यात तिला झटके आले, नाल्याला पूर, रस्ता बंद. हा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बॅग डोक्यावर घेऊन पलीकडून चालत आला. पोरगी वाचली. तेव्हापासून आमच्या घरात देवानंतर डॉक्टर. काही घरांत तर देवाच्याही आधी असतात, आमच्यात निदान नंतर होते.

मग यांच्या पायावर वेल्डिंगची ठिणगी पडली. जखम एवढीशी, पण भरेना. तपासलं तर शुगर. डॉक्टरांनी समोर बसवून पथ्य सांगितलं. साखर बंद, ते कळलं. पुढे म्हणाले, "तेल-तूप बंद. मटण बंद. अंड्यातलं पिवळं बंद. ज्वारीची भाकर खा, दर दोन-तीन तासांनी थोडी थोडी."

माझ्यानं राहवलं नाही. "डॉक्टरसाहेब, शुगर गोडाची ना? मग तूप काहून बंद?"

ते हसले. "वहिनी, शुगरवाल्याचं हृदय आधीच नाजूक असतं. तूप त्याचं दुश्मन."

"मग तुमच्या घरी जातं ते?"

"ते पोरांसाठी."

बाहेर आल्यावर हे माझ्यावर असे डाफरले! "डाक्टरले उलटं बोलतं का वं? कोन्या तोंडानं बोलतं? त्या मानसानं आपली पोट्टी जगवली." उपकार माणसाच्या तोंडाला कुलूप लावतात, ते तेव्हा आमच्या दोघांच्याही तोंडाला होतं.

त्या दिवसापासून मी तुपाची वाटी घेऊन पंगतीत आले, की हे ताटावर हात आडवा धरायचे. घरात काय, लग्नात काय, तोच हात. कोरडी भाकर आणि पाण्यात शिजवलेली भाजी. खाऊन उठले की तासाभरात पुन्हा भूक. पुन्हा भाकर. डॉक्टरांनीच सांगितलेलं ना, थोडी थोडी. शुगर वाढायची, मग गोळी वाढायची, मग भूक आणखी वाढायची. म्हशीला ढेप घातली नाही आणि नुसता कडबा टाकला, तर ती दिवसभर तोंड हलवते आणि तरी हंबरते. मी हे बोलून दाखवलं, तर यांनी त्याचीच थट्टा केली. "बरोबर हाय. म्हशीले ढेप, अन् मले भूस." आम्ही दोघं खूप हसलो होतो त्या दिवशी. हसायला नको होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, कशासाठी यायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरापुरता त्याचा अर्थ असा की जिनिंगचा सीझन दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि संक्रांतीलाच लंगडायला लागायचा. मालक दरवर्षी माणसं कमी करत होता. यांची जागा कामावर पक्की होती, कारण यांच्या हातात ताकद होती. एवढंच भांडवल.

अशात पोरीचं लग्न झालं. नागपूरचं घर मिळालं. जावयाचा मोठा भाऊ, म्हणजे पोरीचा भासरा, डॉक्टर. तरुण, नवं नवं वाचणारा, बोलायला मोकळा. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आला तेव्हा हे आपल्याच घरात उभे. आमच्याकडे पोरीच्या सासरचं माणूस दारात आलं की बाप आपोआप उभा राहतो, त्याला बस म्हणावं लागतं. भासऱ्यानं यांना बसवलं, पायाची पट्टी सोडवून जखम पाहिली, मग विचारलं, "काकाजी, दिवसाला भाकरी किती खाता?"

ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "ही सगळी आत जाऊन साखरच होते. भाकर, पोळी, भात, साबुदाणा बंद करा. पण एक नीट ऐका. नुसतं बंद करून जमणार नाही. त्या जागी तूप खा, लोणी खा, अंडी अख्खी खा, मटण खा, पोट भरेपर्यंत खा. अंगाला जाळायला काहीतरी लागतं. भाकर काढली अन् तूपही दिलं नाही तर अंग स्वतःलाच जाळतं. आणि गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारून कमी करा."

मायबाई! मला तर त्याची दृष्ट काढावीशी वाटली. जे मी म्हशीकडे बघून बडबडत होते तेच हा शिकलेला माणूस खाटेवर बसून सांगत होता. तो खरा की खोटा हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, मी काही डॉक्टर नाही. पण ऐकताना पोटात कसं निवलं. त्याची गाडी वळणाआड गेली तशी मी डबा काढला, तूप पातळ केलं आणि वाटी घेऊन आले.

यांनी हात आडवा धरला.

"आता काय झालं?"

"तूप नोको. भाकर सोडतो मी आजपासून."

"अहो, त्यांनी सांगितलं ना, एक सोडलं तर दुसरं खायचं!"

"पोट्टीच्या भासऱ्यानं भाकर सोड म्हनलं, सोडली. नाई सोडली तं उद्या तिले बोल लागन, तुहा बाप आमचं ऐकत नाई म्हनून. आपल्या डाक्टरनं तूप सोड म्हनलं, ते सोडलंच हाय. आता खाल्लं तं त्याले काय वाटन? माह्यावर भरोसा नाई म्हनन. दोघाईचंबी मन राह्यते ना असं?"

दोन वैद्यांनी दोन वेगळ्या वाटा सांगितल्या, तर शहाणा एक धरतो, आगाऊ एकही धरत नाही. यांनी दोन्ही धरल्या. एकाच्या सांगण्यानं भाकर गेली, दुसऱ्याच्या सांगण्यानं तूप. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

मग काय खायचे? पाण्यात शिजवलेला पालक. काकडी. लोणी पूर्ण काढलेलं आंबट ताक. अंड्याचं पांढरं, आणि पिवळं मांजरीला. मटण नाहीच. मी ताटाकडे बघायचे आणि मला रडू यायचं. पण खरं सांगू का, शुगर उतरली. सरसर उतरली. जखमही भरली. कातडी धरली तिनं, गुलाबी. मीच देवापुढे साखर ठेवली त्या दिवशी.

म्हातारे डॉक्टर खूष. "बघा वहिनी, पथ्य पाळलं की होतंच." नागपूरचा भासराही फोनवर खूष. "मी म्हटलंच होतं." दोघांनाही आपलंच यश दिसत होतं, कारण यांनी एकाला दुसऱ्याचं सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं की भाकर सुटली आहे, म्हणून गोळ्या तेवढ्याच चालू होत्या. भासऱ्याला माहीत नव्हतं की तूप सुरूच झालेलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं की हे डोळे वटारायचे.

गल्लीतले म्हणायचे, काय फिट झाला गडी! फिट कसला. आधी शर्ट सैल झाला. मग खांद्याची हाडं दिसली. मग ऐन मे महिन्यात हे चादर मागायला लागले. उन्हाळ्यातल्या मशीन-दुरुस्तीसाठी जिनिंगला पायी जाणारा माणूस मधल्या वडाखाली बसू लागला, आणि मी विचारलं तर म्हणायचा, "अवं, सावली चांगली पडते तिथं." कधी हात थरथर कापायचे, घाम फुटायचा, शब्द तोंडातच राहायचे. मग गूळ चारायचे मी, तो खडा तेवढा हे मुकाट्यानं खायचे. कामावर हे कोणाला कळू देत नव्हते. जिनिंगवरून कोणाला काढायचं हे मालक ठरवत होता आणि ज्याच्या हातात दम नाही तो पहिला जाणार हे यांना पक्कं ठाऊक होतं. पाना दोन्ही हातांनी धरायला लागलेत, हे मला त्यांच्याबरोबरच्या एकानं सांगितलं.

समोरच्या घरातल्या भाभी बकरी ईदला पायाचं सूप घेऊन आल्या. वरती चरबीचा पिवळा थर, वाफ निघत होती. "भाईजान, इतने दुबले हो गए, ये पी लो, हड्डी में जान आती है." हे हात जोडून म्हणाले, "ठेवा भाभी, पेतो मंग." भाभी गेल्या. कटोरा तसाच राहिला. शेवटी चुलीपाशी उभी राहून मीच प्यायले तो, रागारागात, तोंड भाजलं तरी. कोणाच्या अंगात जीव यायला हवा होता आणि तो कोणाच्या पोटात गेला!

त्यानंतर मी पालकात तूप घालायला लागले. थोडंसंच, वर तवंग दिसणार नाही असं. दोन-तीन दिवस चाललं. मग एका दुपारी यांनी घास तोंडाजवळ नेला, थांबले, वास घेतला. म्हशीचं तूप ते, लपतं कुठे?

"मले फसोतं तू?"

"हो, फसवते! मरताय तुम्ही माझ्या डोळ्यांपुढे!"

"शुगर नार्मल हाय माही."

"आग लागो त्या नॉर्मलला!"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ताट सरकवून उठले. त्या दिवसापासून माझ्या हातच्या प्रत्येक वाटीचा आधी वास घ्यायचे, मग खायचे. इतक्या वर्षांचा संसार आणि नवरा माझ्या वाटीचा वास घेतो. ते मला जिव्हारी लागलं, आजही लागतं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं म्हटलं. महिन्याचं तूप द्यायला डॉक्टरांच्या घरी गेले, डबा ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. भाकर सुटली, तूप तर कधीचंच नाही, माणूस सुकत चाललाय. "तुम्ही एकदा म्हणा, तूप खा. तुमच्या तोंडून ऐकलं की खातील. माझ्या तोंडून नाही खाणार."

डॉक्टर वाईट नव्हते हो. मला त्यांना वाईट म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. त्यांनी गोळी अर्धी केली. मग म्हणाले, "वहिनी, जन्मभर मी या गावाला तूप खाऊ नका सांगत आलो. आता एकाला खा म्हणू, आणि उद्या त्याच्या छातीत दुखलं, तर? टॉनिक देतो लिहून." आणि मी निघताना त्यांच्या सूनबाईनं तुपाचा डबा आत नेला.

मग नागपूरला फोन. पोरीला म्हटलं, तुझ्या भासऱ्याला सांग, एकदा येऊन जा, डॉक्टरांशी बोल. ती रडायला लागली. "आई, भासऱ्यांपुढे मी नीट बोलत नाही अजून, हे कसं सांगू?" शेवटी मीच बोलले. तो बिचारा खरंच हळहळला. "काकू, मी तर सांगितलंच होतं. पण ट्रीटमेंट त्यांची आहे. मोठ्या माणसाच्या पेशंटमध्ये मी पडलो तर बरं दिसत नाही. त्यांनाच विचारा."

म्हणजे बघा. हे दोघांचं मन राखत होते, पोरगी भासऱ्याचं, भासरा डॉक्टरांचं, डॉक्टर आपल्या जन्मभराच्या शब्दाचं. एवढी मनं राखता राखता एक चमचा तूप या माणसाच्या पोटात जात नव्हतं. मी तरी काय करू? तोंड फोडून ओतू?

पुढच्या सीझनला मालकानं यांना बोलावलंच नाही. पहिल्या दिवशी हे सकाळी तयार होऊन खाटेवर बसले, डबा घेतला नाही, आणि दुपारी कपडे बदलले. थंडी पडली तशी खोकला लागला. जन्मभर कापसाचा भुरा छातीत गेलेला, त्यात अंगात लढायला काही उरलं नव्हतं. ताप आला तो उतरेना. यवतमाळला दवाखान्यात ठेवलं.

तिथल्या वॉर्डात एक अनोळखी डॉक्टरीणबाई होत्या. यांचा दंड दोन बोटांत धरून बघितला आणि माझ्यावरच चिडल्या. "याला खायला का देत नाही तुम्ही? अंगात काहीच नाही याच्या. खाऊ घाला."

"काय घालू?"

"जे खाईल ते."

"तूप चालेल?"

"अहो चालेल, काहीही चालेल!" आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. इतकं सोपं. एवढ्या वर्षांत आमच्या डॉक्टरांच्या तोंडून निघालं नव्हतं ते त्या चालता चालता म्हणून गेल्या.

मी तशीच बसनं घरी आले. वरण शिजवलं, पातळ, आणि त्यात तूप घातलं, हात न आखडता. डबा पदरात गुंडाळून परत गेले. चमचा तोंडाशी नेला तेव्हा यांनी वास घेतला. हात उचलायची ताकद नव्हती, नाहीतर आडवा धरलाच असता.

"डाक्टरनं सांगतलं का?"

"हो, सांगितलं."

मग विचारलं, "कोन्या?"

मी म्हटलं, "दोघांनीही."

तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. एक चमचा गिळला, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत पाहिलं होतं, ठेच्यावर तेल पडलं की यायचं ते. दुसरा चमचा ओठांवरून परत आला. पोट घेईना. उरलेलं वरण मी डब्यात घेऊन बसून राहिले, वर तूप गोठेपर्यंत.

तेरवीला पुरणपोळीचा बेत होता. आमच्याकडे पुरणपोळीला तूप लागतंच, तेही धार धरून. बायका म्हणाल्या, तू आत बस, आम्ही वाढतो. मी म्हटलं, बाकी सगळं तुम्ही वाढा, तूप मी वाढणार.

पंगतीत म्हातारे डॉक्टर आणि नागपूरचा भासरा शेजारी शेजारी बसले होते. पहिल्यांदाच भेटत होते. दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होते, तुमच्याबद्दल खूप ऐकलं म्हणत होते. तुमच्यामुळे त्यांची शुगर छान राहिली, असंही एक म्हणाला, आणि दुसऱ्यानं ते हसून परत केलं.

मी वाटी घेऊन डॉक्टरांसमोर वाकले. त्यांनी मान वर केली. "घरचंच ना, वहिनी? वाढा मग." मी पोळीवर धार धरली. मग भासऱ्याकडे वळले. त्यानं पोळी बाजूला सारली होती, वरणाची वाटी पुढे केली. "काकू, मला पोळी नको. तूप तेवढं जरा जास्त वाढा."

मी दोघांनाही वाढलं. वाटी संपली तर आत जाऊन भरून आणली आणि पुन्हा वाढलं. दोघांपैकी कोणीही ताटावर हात आडवा धरला नाही.